वेगमर्यादेचा पहिला दंड : सवलत मागावी कोणाकडे?

पर्यटकांची मोटार चालवून संसार करणाऱ्या आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांना, बावीस वर्षांच्या व्यवसायात पहिल्यांदाच, वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल ई-चलन आले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीचा टप्पा संपून घाट सुरू होतो, तेथे मोटारींसाठीची ताशी १०० कि.मी.ची मर्यादा एकदम बरीच खाली येते. गृहस्थांचा पाय ब्रेकवर पोहोचण्याआधी कॅमेऱ्याने आपले काम केले होते. दंड दोन हजार रुपये. त्यांनी रात्री बसून चार पानी अर्ज लिहिला. वेग तेवढा नव्हताच, यंत्र सदोष असावे, पुढची-मागची सारी वाहने त्याच वेगाने धावत होती, गाडीतील वृद्ध दांपत्याला विमान गाठायचे होते आणि बावीस वर्षांतील ही पहिलीच चूक असल्याने माफी मिळावी, असे सारे त्या अर्जात होते. अर्ज नामंजूर झाला. गृहस्थांनी दंड भरला आणि प्रकरण संपले, असे मानले. वस्तुतः ते संपले नव्हते.

पहिल्याच आणि किरकोळ चुकीबद्दल सवलत मागण्यात गैर काहीच नाही. न्यायव्यवस्थेनेही पहिल्या अपराधाकडे नेहमी वेगळ्या नजरेने पाहिले आहे. मात्र आपल्याकडे अशी सवलत मागणारे बहुतेक अर्ज दोन कारणांनी वाया जातात. एक तर ते अशा अधिकाऱ्याकडे जातात, ज्याच्या हाती माफी देण्याचा अधिकारच नसतो. आणि दुसरे म्हणजे त्यांत रुपये वाचवण्याची धडपड असते. प्रत्यक्षात पहिल्या चलनातील खरी किंमत रुपयांची नसून नोंदीची आहे.

कायदा काय म्हणतो, ते आधी पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८३ मध्ये वेगमर्यादा ओलांडण्याची शिक्षा सांगितली आहे. मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्यास चारशे रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो हलक्या मोटार वाहनांसाठी किमान एक हजार व कमाल दोन हजार, तर मध्यम व अवजड वाहनांसाठी किमान दोन हजार व कमाल चार हजार झाला. ही दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ रोजी देशात लागू झाली तेव्हा महाराष्ट्राने वाढीव दंड स्वीकारण्याचे टाळले होते. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये राज्याने नवे तडजोड शुल्क जाहीर केले आणि मोटारीसाठी ते दोन हजार रुपये ठरले. म्हणजे न्यायालय ज्या गुन्ह्याला एक हजारावरही सोडू शकते, त्याच गुन्ह्याची न्यायालयाबाहेरील तडजोड मात्र कमाल रकमेला होते. हा उलटा हिशेब अनेकांच्या ध्यानातच येत नाही.

'तडजोड' हा शब्द येथे नीट समजून घ्यावा लागतो. चलनाची रक्कम ऑनलाइन भरणे म्हणजे कलम २०० खालची तडजोड. राज्य सरकारने अधिसूचनेद्वारे ठरवलेली रक्कम भरली, की खटला चालत नाही. रक्कम अधिसूचनेने ठरलेली असल्याने ती घेणाऱ्या अधिकाऱ्यास 'पहिली वेळ आहे, पाचशे द्या' असे म्हणण्याचा अधिकार नाही. तो निष्ठुर असतो असे नव्हे. त्याच्या लेखणीला तेवढी शाईच दिलेली नाही. शिवाय २०१९ मध्ये याच कलमाला एक परंतुक जोडले गेले. त्यानुसार तडजोड झाली तरी तो गुन्हा 'पूर्वी केलेला तोच गुन्हा' म्हणून पुढच्या वेळी मोजला जातो आणि परवान्यावरील कारवाईतूनही सुटका होत नाही. आमचे गृहस्थ नेमके येथे फसले. पैसे भरले की पाटी कोरी, अशी त्यांची समजूत होती. दोन महिन्यांनी प्रादेशिक परिवहन कार्यालयाची कारणे दाखवा नोटीस त्यांच्या हाती पडली. वाहन चालविण्याचा परवाना तीन महिन्यांसाठी का निलंबित करू नये, अशी विचारणा तीत होती.

ज्याची मोटार केवळ सुटीच्या दिवशी बाहेर पडते, त्याच्या दृष्टीने तीन महिने म्हणजे गैरसोय. ज्याची चूल त्या परवान्यावर पेटते, त्याच्या दृष्टीने ती तीन महिन्यांची बेकारी असते.

या कारवाईचा उगम कलम २०६ (४) आणि कलम १९ मध्ये आहे. वेगमर्यादेचे उल्लंघन हे परवाना जप्त करून परवाना अधिकाऱ्याकडे पाठवण्याजोग्या गुन्ह्यांत मोडते. कलम १९ (१-अ) नुसार पहिल्या गुन्ह्यास तीन महिने अपात्रता आणि दुसऱ्या वा नंतरच्या गुन्ह्यास परवाना रद्द करण्यापर्यंत मजल जाऊ शकते. त्याआधी ऑगस्ट २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने अतिवेगासह काही गुन्ह्यांत किमान तीन महिने परवाना निलंबित करण्याचे निर्देश राज्यांना दिले होतेच. एवढे वाचून कोणीही घाबरेल. पण याच कलमात सवलतीचे दारही आहे. परवानाधारकाचे म्हणणे ऐकून घेतल्यानंतर अधिकारी त्याला 'मुक्त' करू शकतो, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. आणि अपात्र ठरवायचे असेल तर सविस्तर कारणे लेखी नोंदवावी लागतात. पहिली चूक, दीर्घ स्वच्छ इतिहास, मर्यादेपेक्षा किंचितच जास्त वेग या गोष्टी ऐकून घेण्याचे कायदेशीर स्थान हेच आहे. चार पानी अर्ज लिहायचाच असेल तर तो येथे लिहावा, आणि तोही एका पानाचा.

न्यायालयाचे दार दुसरे. चलन न भरता प्रकरण दंडाधिकाऱ्यांपुढे गेले, तर दंडाची रक्कम किमान व कमाल यांच्या दरम्यान ठरवणे त्यांच्या हाती असते. पहिल्या गुन्ह्याचा विचार तेथे स्वाभाविकपणे होतो. कलम २०८ मध्ये तर एक जुनी पण कामाची तरतूद आहे. ज्या गुन्ह्याला केवळ दंडाची शिक्षा आहे, त्याच्या समन्सवर न्यायालयाने आरोपीला स्वतः वा वकिलामार्फत हजर राहण्याचा किंवा सुनावणीपूर्वी गुन्हा कबूल करून ठरावीक रक्कम पाठवून देण्याचा पर्याय द्यावा, असे ते कलम सांगते. मूळ मजकुरात ही रक्कम मनीऑर्डरने पाठवावी आणि कबुली मनीऑर्डरच्या कुपनावर लिहावी, असे आहे! दंड आता मोबाइलवरून भरला जातो, तरी कलमातील तत्त्व जुने झालेले नाही. अशा प्रकारे कबुली देऊन रक्कम भरणाऱ्यावर पुढे कारवाई होत नाही आणि केवळ त्या कबुलीपोटी त्याला परवान्यासाठी अपात्र ठरवता येत नाही, असे हे कलम म्हणते. तडजोडीने न मिळणारे संरक्षण येथे मिळते. परवान्यावर पोट असलेल्यांनी तडजोडीचे बटण दाबण्यापूर्वी वकिलाशी निदान एवढ्या एका मुद्द्यावर बोलून घ्यावे.

याहून पुढे जाणारी तरतूद अपराधी परिवीक्षा कायदा, १९५८ मध्ये आहे. त्याच्या कलम ३ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद, वा दंड, वा दोन्ही शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत, आधी कोणताही गुन्हा सिद्ध झालेला नसल्यास, न्यायालय आरोपीला शिक्षा न देता समज देऊन सोडू शकते. ही तरतूद केवळ दंडसंहितेपुरती नाही, अन्य कायद्यांनाही लागू आहे. आणि कलम १२ नुसार अशा व्यक्तीला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता भोगावी लागत नाही. अर्थात हा हक्क नव्हे. ती न्यायालयाची मर्जी आहे आणि कलम १८३ मध्ये किमान दंड ठरवलेला असल्याने सरकारी पक्ष त्यावर बोट ठेवणार, हे गृहीत धरावे. शिवाय वाहनाच्या गुन्ह्यांत न्यायालये सरसकट उदार नाहीत. बेदरकार वाहन चालवून मृत्यू घडवणाऱ्यास परिवीक्षेचा लाभ देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने दलबीर सिंग विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात २००० साली बजावले आहे. आपले प्रकरण त्या जातीचे नाही, हे अर्जदारालाच दाखवून द्यावे लागते.

आता नाकारण्याची वाट. ती सवलतीच्या वाटेपासून पूर्णपणे वेगळी आहे. वेग खरोखरच तेवढा नव्हता, छायाचित्रातील वाहन आपले नाही, क्रमांकपाटी बनावट आहे, त्या दिवशी गाडी विकलेली होती, असे काही असेल तर दयेची भाषाच काढू नये; पुराव्याची काढावी. कलम १८३ (३) नुसार, केवळ एका साक्षीदाराला वेग जास्त 'वाटला' म्हणून दोषी ठरवता येत नाही. त्याचा अंदाज यांत्रिक वा इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या मोजणीवर आधारलेला असावा लागतो. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. त्याने उपकरणास मान्यता प्रमाणपत्र असणे, ज्या पट्ट्यात नजर ठेवली जाते त्याआधी फलक असणे, आणि चलनात गुन्ह्याचे व क्रमांकाचे स्पष्ट छायाचित्र, मोजलेला वेग, तारीख, वेळ व ठिकाण असणे आवश्यक केले. रडार पद्धतीच्या वेगमापक उपकरणांची पडताळणी करून त्यांवर शिक्का मारण्याचे नियमही वैध मापनशास्त्राच्या नियमावलीत २०२५ मध्ये आले. यांपैकी काय कमी आहे, ते छायाचित्र समोर ठेवून पाहावे आणि तेवढेच लिहावे. गाडी दुसरा कोणी चालवत असेल, तर कलम १३३ खाली मालकाने विचारणा झाल्यावर चालकाची माहिती द्यावयाची असते, हेही विसरू नये. घरच्या घरी मुलाची चूक वडिलांच्या नावावर जाऊ देण्याचा प्रघात आपल्याकडे आहे. आता ती नोंद वडिलांच्याच मार्गात येऊ शकते.

याच ओघात कलम २०९ ची आठवण करून द्यायला हवी, कारण ते फार थोड्यांना ठाऊक असते. वेगमर्यादेच्या गुन्ह्यात दोषी ठरवण्यासाठी आरोपीला त्याच वेळी खटल्याची कल्पना दिलेली असावी, किंवा चौदा दिवसांच्या आत गुन्ह्याचे स्वरूप, वेळ व ठिकाण सांगणारी नोटीस त्याला वा वाहनाच्या नोंदणीकृत मालकाला दिलेली अथवा नोंदणीकृत टपालाने धाडलेली असावी, किंवा अठ्ठावीस दिवसांच्या आत समन्स बजावलेले असावे, असे ते सांगते. नाव-पत्ता वाजवी प्रयत्नांनीही वेळेत मिळाला नाही किंवा आरोपीच्याच वागण्यामुळे विलंब झाला, तर ही अट गळते. म्हणून नोंदणीपुस्तकातील पत्ता व मोबाइल क्रमांक जुना ठेवणाऱ्याने या कलमावर भिस्त ठेवू नये. त्याशिवाय, केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घेण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये सहा महिन्यांची मुदत आहे; विलंब माफ करण्याचा अधिकार मात्र न्यायालयाकडे आहे.

ही चौदा दिवसांची अट आपल्याकडे ब्रिटिश कायद्याच्या परंपरेतून आली. तेथे १९३० च्या रोड ट्रॅफिक ॲक्टपासून ती आहे. गंमत अशी, की अट आपण घेतली, पण पहिल्या चुकीला वळण लावण्यासाठी तेथे नंतर जी व्यवस्था उभी राहिली, ती घेतली नाही. इंग्लंडमध्ये किरकोळ अतिवेगाला साधारणतः शंभर पौंड दंड व परवान्यावर तीन गुण अशी शिक्षा असते. तीन वर्षांत बारा गुण झाले की परवाना जाण्याची वेळ येते. परंतु वेग मर्यादेपेक्षा थोडाच जास्त असेल आणि गेल्या तीन वर्षांत असा लाभ घेतलेला नसेल, तर पोलीस वेगजागृतीच्या वर्गाला बसण्याचा पर्याय देऊ शकतात. ताशी तीस मैलांच्या रस्त्यावर पस्तीस ते बेचाळीस मैलांच्या दरम्यान सापडलेला चालक साधारणपणे या वर्गाला पात्र ठरतो. शुल्क स्वतः भरायचे, काही तास बसून ऐकायचे आणि गुण टळतात. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये दहा वर्षांचा निष्कलंक इतिहास असेल आणि वेग मर्यादेपेक्षा ताशी दहा कि.मी.हून कमीच जास्त असेल, तर दंडाऐवजी केवळ समज देण्याची विनंती करता येते. सिडनीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ही सोय ठाऊक असते. सुटीत पुण्याला आल्यावर तीच अपेक्षा ते येथे करतात आणि गोंधळतात.

आपल्याकडे सवलत मिळते ती वेगळ्याच लोकांना. मार्च २०२२ मध्ये तेलंगणाने आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकाने थकीत चलनांवर मोठी सूट जाहीर केली. कर्नाटकात ती पन्नास टक्के होती. वसुली झाली, रांगा लागल्या. पण या सुटीचा मोठा लाभ घेणाऱ्यांत वर्षानुवर्षे डझनांनी चलने थकवणारे होते, आणि एकुलते एक चलन मुदतीत भरणाऱ्याला पूर्ण रक्कमच मोजावी लागली. लोकअदालतीतही असेच घडते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खालच्या लोकअदालतीत तडजोडयोग्य गुन्हे मिटवता येतात, तिचा निवाडा अंतिम असतो, त्याविरुद्ध अपील नसते. तेथे रक्कम कमी होऊ शकते, पण तो हक्क नाही. प्रामाणिक माणसाला त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल काही सवलत मिळावी, अशी तरतूद राज्य सरकारला करता येण्याजोगी आहे. कलम २०० मध्ये शुल्कासोबत समाजसेवा सांगण्याचा अधिकार २०१९ पासून आहेच. पहिल्या किरकोळ चुकीला कमी शुल्क आणि एक दिवसाचा वर्ग अशी अधिसूचना काढणे अवघड नसावे.

सवलत म्हणजे वेगाचे समर्थन नव्हे, हे मात्र मान्य करूनच अर्ज करावा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि त्यांतील ७१.२ टक्के मृत्यूंचे कारण अतिवेग हे नोंदवले गेले. शंभराच्या जागी एकशे बारा म्हणजे वेग बारा टक्क्यांनी वाढला, पण आदळताना बाहेर पडणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढते. 'थोडाच वेग जास्त होता' हे वाक्य अर्जात लिहिताना समोरच्या अधिकाऱ्याने असे अपघात जवळून पाहिलेले असतात, याचे भान ठेवावे.

म्हणून अर्जात कारणांची रांग लावू नये. विमान गाठायचे होते, ही सबब तर उलट अंगावर येते. ती घाई जाणूनबुजून केली होती, असाच तिचा अर्थ होतो. रुग्णाला नेत असल्यास रुग्णालयाचा कागद जोडावा, नसल्यास तो विषय काढू नये. इतर वाहनेही त्याच वेगाने धावत होती, हे कोणत्याही कायद्यात बचाव म्हणून नमूद नाही. परवाना अधिकाऱ्यापुढील म्हणणे साधारणतः असे असावे : 'अमुक तारखेच्या चलनातील उल्लंघन मी मान्य करतो. मर्यादा जेथे बदलते तेथील फलक माझ्याकडून सुटला, ही माझी चूक आहे. शुल्क अमुक तारखेस भरले असून पावती सोबत आहे. परवाना मिळाल्यापासून माझ्या नावावर अन्य उल्लंघन वा अपघात नाही. वाहन चालविणे हेच माझे उपजीविकेचे साधन असून त्याचा दाखला जोडला आहे. कलम १९ (१-अ) नुसार मला कारवाईतून मुक्त करावे, अशी विनंती आहे.' यापेक्षा जास्त लिहिण्याची गरज क्वचितच असते. नोटिशीतील मुदत चुकवू नये, प्रत्यक्ष हजर राहावे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. आदेश विरुद्ध गेला, तर तो मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येते. मात्र परवाना निलंबित झालाच, तर तो परत मिळण्यापूर्वी उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावे लागते.

आमच्या त्या गृहस्थांनी दुसऱ्या खेपेस असेच एक पान लिहिले. यंत्राचा दोष, विमान, पुढची-मागची वाहने हे सारे गळाले. सोबत ते ज्यांच्याकडे गाडी चालवतात, त्या मालकांचे पत्र, चलनाची पावती आणि जुन्या परवान्याची झिजलेली प्रत होती. अधिकाऱ्यांनी त्यांना दोनच प्रश्न विचारले : फलक कोठे आहे ते आता ठाऊक आहे का, आणि यापूर्वी कधी चलन आले होते का? पहिल्याचे उत्तर त्यांनी कि.मी.च्या दगडासह दिले, कारण मधल्या काळात ते मुद्दाम तेथे जाऊन पाहून आले होते. आठवडाभराने आदेश आला. पहिला प्रसंग व पूर्वेतिहास विचारात घेऊन समज देण्यात येत आहे, परवाना निलंबित करण्यात येत नाही, एवढाच त्याचा आशय. त्या आदेशाची प्रत ते आता गाडीच्या कागदपत्रांत, विम्याच्या मागे ठेवतात. दुसरे चलन आले तर ती प्रत उपयोगी पडणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक आहे.